अनुभवाचं वाक्य

नगरला आमच्या गल्लीतल्या टेलरकाकू मशीन चालवता चालवता मोबाईलवर कोरियन शिकतात. मालिका पाहून नाद लागला. मध्यंतरी त्यांचा धडा होता, एखादी गोष्ट आपण पूर्वी कधी केली आहे की नाही, ते सांगण्याचा. केली असेल तर वाक्याच्या शेवटी ‘इस्सॉयो’, नसेल तर ‘ऑप्सॉयो’.

“लई सोपं हाय ताई,” माझ्या दंडाला टेप लावत त्या म्हणाल्या. “आपन ‘खाऊन पाह्यलं’ म्हंतो ना, त्येबी तसंच म्हंत्यात.”

मग स्वतःवरच वाक्यं करू लागल्या. विमानात बसून पाह्यलं? ऑप्सॉयो. समुद्र? ऑप्सॉयो. भंडारदरा? तिथे त्या अडखळल्या. “आपल्याच जिल्ह्यात हाय, आन् तरी ऑप्सॉयो!” मग माझं माप वहीत टिपून घेऊ लागल्या.

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी ब्लाउज न्यायला गेले, तर दुकानाला कुलूप. लग्नात जुनाच ब्लाउज घालावा लागला.

दोन दिवसांनी भांडायलाच गेले. काकू उन्हाने रापल्या होत्या, नाकाचं सालही निघालं होतं. “एसटीनं भंडारदऱ्याला गेल्ते ताई. एकलीच! धरनाच्या पान्यात पाय सोडून बसले हुते.”

माझा राग तिथेच विरला. “मग आता म्हणा की इस्सॉयो!”

त्यांचा चेहरा पडला. “न्हाई ना म्हनता येत. मोबाईलमधली बाई सांगती, कालपरवाच्या गोष्टीला हे वाक्य शोभत न्हाई. गोष्ट जरा जुनी व्हावी लागती.” त्यांनी सुईत दोरा ओवला. “थांबते आता दिवाळीपर्यंत.”