दोन बाटल्या, एक काकवी

माझ्या सासऱ्यांच्या काकवीबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं. उसाचा रस आटून त्याचा गूळ व्हायच्या आत कढईतून काढून घेतलेला तो तांबूस पाक इतका दाट, की त्यात उभा केलेला चमचा आपण जेवून हात धुऊन आलो तरी सावधान स्थितीतच असतो. असणारच. सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. कुंडलच्या त्यांच्या घरात केरसुणीसुद्धा वाकून उभी राहत नाही.

आणि फौजी घर म्हटलं की कँटीनच्या बाटल्या आल्या. आतली रम पाहुणे संपवतात, बाटली मात्र कुणी टाकत नाही. माणूस रिटायर होतो, बाटली होत नाही. खोबरेल तेल, काकवी, फवारणीचं औषध, गंगेचं पाणी, जे पडेल ते ती मुकाट सांभाळते.

त्या रविवारी सासुरवाडीहून निघताना सासरे रानातूनच ओरडले, "पाव्हणं, फळीवरची काकवीची बाटली घिऊन जावा!" फळीवरची मी घेतली. सोमवारी ती शाळेतही नेली, कारण नववीला द्रव्याचं वर्गीकरण शिकवायचं होतं. मी उंब्रजजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मीठ-पाणी, लोहकीस-गंधक दाखवलं की पोरं जांभया देतात. काकवी दाखवली तर निदान जिभल्या तरी चाटतील, असा माझा हिशोब.

मधल्या सुट्टीत मी आधी स्वतःच जिभल्या चाटल्या. अर्धी वाटी काकवी, दोन चपात्या. सर्दीनं नाक बंद होतं, वास काही कळला नाही, पण गोडी मेंदूपर्यंत गेली. तृप्त होऊन वर्गात आलो, फळ्यावर मूलद्रव्य, संयुग, मिश्रण असे तीन रकाने आखले आणि खिशातला फोन थरथरायला लागला. सासऱ्यांचा. सासरे मला फोन करत नाहीत. त्यांचा फोन आला तर एक तर कुणी गेलेलं असतं, नाहीतर जाणार असतं. वर्गात फोन घेत नसतो, तरी घेतला.

"पाव्हणं, त्या बाटलीतलं खाल्लं का काय?"

"खाल्लं की मामा. लय भारी."

पलीकडून सुभेदारानं अहवाल द्यावा तसा आवाज आला.

"फळीवर दोन बाटल्या हुत्या," ते म्हणाले. "एकीत काकवी. दुसरीत आळीचं औषध. आता एकच हाय, आन् ती कुठली ते मलाच वळखंना."

मी हसलो. खोटं नाही सांगत, हसलो. "आवं मामा, गोड होती! औषध कधी गोड असतं का?"

"आवं, मक्यावर लष्करी आळी पडलीया न्हवं! भुश्यात कालवून ठिवायला म्या औषधात काकवीच वतली हुती. गोडाबिगर आळी तोंड लावती व्हय? थांबा तितंच, म्या निघालो." आणि फोन बंद.

मी फळ्याकडे वळलो. तिसऱ्या रकान्याखाली माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: मिश्रणात घटकांचे मूळ गुणधर्म कायम राहतात. हे वाक्य मी इतक्या वर्गांना शिकवलंय की ते झोपेत कूस बदलतानाही म्हणतो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. काकवी गोडच राहणार. औषध मारतच राहणार. दोघं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करणार नाहीत, आणि दोघांचाही मुक्काम आता माझ्या पोटात.

घाम फुटला. असा फुटला की कृष्णामाईनं पाणी उसनं न्यावं. जीभ जड. पोटात अळ्या संचलन करतायत असं वाटायला लागलं. सासरे फोन उचलेनात; मोटारसायकलवर उचलतील कसा?

मग डोक्यात एक दिवा लागला. सासऱ्यांचं औषध तेलकट, पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. फवारणीचा पंप भरताना मी स्वतः पाहिलेलं. काकवी मात्र पाण्यात विरघळते. एक झालं पायस, म्हणजे न विरघळता पाण्यात पसरलेलं तेल; दुसरं द्रावण. मी चंचुपात्रात पाणी घेतलं, बाटलीतले चार थेंब सोडले आणि डोळे मिटून, बाक पकडून उभा राहिलो. डोळे उघडायचं धाडस नव्हतं.

"काय रंग आला?" मी वर्गाला विचारलं.

"चहासारखा, सर!"

"न्हाई सर," पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात खरं बोलणारी, म्हणून मला सगळ्यात नावडती. "दुधाच्या चहासारखा."

डोळे उघडले. पाणी तांबूस होतं आणि गढूळही होतं. गुऱ्हाळात रसात चुना घालतात. त्याचा गढूळपणा असेल. की औषध असेल? थोडंच पडलं असेल? पुस्तकात चौकटीतली द्रव्यं कशी शहाण्यासारखी वागतात, आणि माझ्या जिवावर बेतलेलं हे पाणी धड द्रावणही होईना, धड पायसही होईना.

"सर, तुमी पांढरं पडलाय," मागून एकजण म्हणाला. "तुमी पायस झालाय."

वर्ग हसला. मी हसू शकलो नाही हे पाहून वर्ग एकदम गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यानं मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला स्वतःच्या गाडीत घातलं. वाटेत त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बोलत राहा. एरवी थांबवलं तरी थांबत नाही तुम्ही." मला एक शब्द सुचेना. पोरीचा दहावीचा क्लास, बायकोनं सकाळी विचारलेली भाजी, ज्याला मी नीट उत्तरही दिलं नव्हतं, असलं काहीबाही डोळ्यांपुढून जात होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली. "घाम कधीपासून?"

"फोन आल्यापासून."

"खाल्ल्यापासून नाही?"

"खाताना मजेत होतो."

त्यांनी हातात सुई टोचून सलाईन लावलं आणि शाळेतून सोबत आणलेली ती बाटली खिडकीत ठेवली. मी तिच्याकडे बघत पडून राहिलो. ती माझ्याकडे.

सासरे आले तेव्हा अंगभर धूळ होती आणि दुसरी बाटली शर्टाच्या आत, पोटाशी धरलेली. ज्या हातांच्या नेमबाजीच्या गोष्टी मी दहा ठिकाणी वाढवून सांगितल्यात, त्या हातांना साधं बूचही काढता येईना. शेवटी डॉक्टरांनीच काढलं आणि पाण्याच्या पेल्यात त्यातले दोन थेंब टाकले.

पेला दुधानं भरल्यासारखा झाला. पांढराशुभ्र; औषधात ओतलेली काकवी त्यात शोधूनही दिसेना. तो रंग बघून रडू येईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"म्हंजी तुमची काकवी," सासरे म्हणाले आणि खाटेच्या कडेवर बसले. बसले म्हणजे पडलेच. "तुमी काकवीच खाल्ली, गड्या." मला ते कधी गड्या म्हणत नाहीत. डॉक्टरांनी तरीही संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. सासरेही हलले नाहीत. माझी चप्पल खाटेखाली एका रेषेत लावत बसले.

औषधाची बाटली आता त्यांच्या घरात नाही. रानातल्या पेटीत कुलपाखाली आहे. तरी कुंडलला जेवायला बसलो की ताटाशेजारी पाण्याचा एक जादा पेला येतो. तो कुणी पीत नाही. सासरे काकवीचे दोन थेंब त्यात सोडतात. सासूबाई भाकरी हातात धरून थांबतात. थेंब तळाशी जातात, तांबूस रेघा सुटतात, पाणी जरासं गढुळतं. आम्ही दोघं वाकून बघत राहतो, आणि ते मान हलवेपर्यंत मी भाकरी मोडत नाही.