पालखीला एक खांदा चालत नाही

आमच्या विद्यापीठाच्या महाडच्या केंद्रात निधी उभारून प्रकल्प तडीस न्यायचं काम बाईंकडे आहे, मी त्यांच्या हाताखाली. सगळं विद्यापीठ मार्चअखेर धरून चालतं, बाई शिमगा धरून. मुंबईला कामाला गेलेली माणसं तेव्हा गावी येतात. बाई ग्रामदेवतेच्या पालखीमागून वाडीवाडीत फिरतात आणि मुलींच्या वसतिगृहाचा विषय काढतात. ऑफिसात पुस्तकी बोलतात, वाडीतल्या माणसाशी मात्र 'हाय-नाय'.

यंदा पोलादपूरकडचे एक मुंबईकर शेठ केंद्रात आले. "वसतिगृहाचा सगळा खर्च माझा. इमारतीला नाव माझ्या वडिलांचं."

मी खुशीत चहा सांगायला उठलो. बाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं. नकार द्यायचा असला की त्या तेच करतात.

"एका खोलीला देऊ की. अख्ख्या इमारतीला नाय. बाकीच्या वाड्या म्हणतील, ही शेठची, आपली नाय. मग पोरी कोण पाठवील? पालखीला एकच खांदा चालत नाय, दादा."

शेठ चहा न घेताच उठले. बाई त्यांना गाडीपर्यंत सोडून आल्या आणि उभ्याउभ्याच शेठच्या वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला.

"काका, रविवारी मिटिंग हाय ना? मी येते. शेठना पण बोलवा, त्यांचा खांदा लागंल."