मिसळून गेले म्हणे

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, निअँडरथल माणसं फार आवडतात. जिवंत शेजाऱ्यांशी त्यांचं कधी पटलं नाही, पण हजारो वर्षांपूर्वी संपलेल्या त्या वेगळ्या जातीच्या माणसांचा भारी कळवळा. गोंदियातल्या एका कॉलेजात ते शिकवतात आणि रविवारी कुडव्याच्या आमच्या एकत्र घरात जेवायला बसलो की आम्हालाही शिकवतात.

मी देवरीकडची, गोंड घरातली. स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि इथं आले. सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, ही घरची रीत. पोरीशी गोंडी बोलायची नाही, हा खुद्द भासऱ्यांचा हुकूम. शाळेत तिचे उच्चार बिघडतात म्हणे. नवऱ्यानं मान हलवली, तेवढंच त्याला येतं. मग मी पोरीला आंघोळ घालताना काय ती गोंडी बोलायची, तीही नळ सोडून. बादलीत पाणी पडत असलं की बाहेर ऐकू जात नाही.

परवाच्या रविवारी माझे बाबा एसटीनं आले. नातीसाठी जंगलातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणली होती, काळी, गोड. त्यांच्यासमोरच भासऱ्यांचं व्याख्यान लागलं. ते लोक का संपले? कोणी म्हणतं थंडीनं, कोणी म्हणतं ते मुळात थोडेच होते, कोणी म्हणतं आपल्या पूर्वजांनी त्यांची शिकार पळवली, त्यांना रोग दिले, मारलंसुद्धा. भासऱ्यांना यातलं काही पटत नाही.

"मारलं-बिरलं काही नाही. आपल्यात मिसळून गेले बिचारे. आजही आपल्या रक्तात त्यांचा अंश आहे. किती सुंदर गोष्ट आहे!" असं म्हणून त्यांनी भातात वरण कालवलं.

तेवढ्यात बाबांना ठसका लागला. ते नातीला म्हणाले, "येर." पाणी. रोज आंघोळीच्या वेळी ती हाच शब्द ओरडते. तिनं आधी मोठेबाबांच्या, म्हणजे भासऱ्यांच्या, तोंडाकडं पाहिलं, मग शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "मेरे को नहीं समझा, नाना क्या बोल रहे."

भासरे हसले. "पोरगी गोंदियाची झाली," म्हणाले.

मी बाबांना पाणी दिलं. डोकं असं तापलं होतं की रीत गेली चुलीत.

"मिसळले म्हनता भाऊजी, तं नाव तुमचंच काऊन राह्यलं? असं कसं मिसळनं जी, एक पुरा गायब आन् दुसऱ्याले ढेकर?"

नवरा ताटात बोटं फिरवत बसला.

"मी विज्ञान सांगून राहिलो, तू घरचं भांडण घेऊन बसली," भासरे म्हणाले.

बाबा उठले, हात धुतले. "जाऊ दे माय, बस चुकंल," मला म्हणाले. मराठीत. माझ्याशी ते जन्मात मराठी बोलले नव्हते. त्या घराचा आणि त्या सुंदर गोष्टीचा मला इतका राग आला की त्यांना बसवर सोडून पाय आपटतच परतले.

संध्याकाळी पोरीला न्हाणीत नेलं. नळ मुद्दाम बंद ठेवला आणि मोठ्यानं गोंडी बोलायला लागले. ऐकू दे साऱ्या घराला. पोरीनं घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"मम्मी," ती कुजबुजली, "पहले नल चालू कर."