जाळीदार धिरडी

वन्सं अमेरिकेतून परत आल्या तेव्हा मी मुलींच्या शाळेत दहावीचे वर्ग घेत होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि कोल्हापुरात पहाटेची थंडी अंगाला झोंबायला लागली होती. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. हे त्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि वन्सं, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि दोन मोठ्या बॅगा रिक्षात घालून घेऊन आले. तिकडचा संसार मोडला होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुणी काही विचारलं नाही. सासूबाई फक्त म्हणाल्या, "हातपाय धू. च्या घे," आणि डोळ्याला पदर लावून भिंतीला टेकून बसल्या.

घरात माणसं वाढली, पण राबणारे हात तेवढेच राहिले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. ह्यांची नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत, पहिली पाळी, त्यामुळं उजाडायच्या आत डबा भरून द्यावा लागे. मग पाणी, दूध, सासूबाईंचं औषध, आणि त्यानंतर माझी शाळा. वन्सं आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असत. हाक मारली की उठत, दोन घास खात आणि पुन्हा जाऊन पडत. त्यांच्यावर चिडावं इतकंही त्राण माझ्यात उरत नसे.

पोरीच्या खाण्याचा तर वेगळाच घोर. तिला मराठी समजायचं, पण ती बोलायची नाही. भाकरी पुढं ठेवली की ती ताटाकडं बघत बसे. भात चिवडून ठेवी. केळं आणि बिस्किटं यांवर तिचे दिवस चालले होते आणि तिचे गाल दिवसागणिक आत जात होते.

एका सकाळी मी भाकऱ्या थापत असताना ती स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचं पिवळं खोकं होतं. ते माझ्यापुढं ठेवून ती परत गेली आणि बिडाचं एक जड धूड दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली. पुस्तकासारखं उघडणारे दोन तवे, आतून चौकोन चौकोन पाडलेले, आणि धरायला लांब दांडे. हा वॉफलचा साचा. बॅगेतून तिनं तो स्वतःच उपसून काढला होता.

खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, अगदी सोपं. या पिठात अंडं, दूध आणि तेल घाला, ढवळा, साच्यात ओता. मी तसं केलं. साचा गॅसवर तापवला, पीठ ओतलं, दांडे मिटले. उलटून दुसरी बाजू शेकली. डोळा घड्याळावर होता, म्हणून लगेच उघडून बघितलं, तर वॉफल मधोमध फाटलं. अर्धं वर चिकटलं, अर्धं खाली. उलथन्यानं खरवडून काढलं आणि पुन्हा पीठ ओतलं. आता दांड्याला हात घातला तशी पोरीनं माझा पदर धरला.

"थांब, मामी," ती म्हणाली. "वाफ जाते. मग."

आमच्या घरात आल्यावर ती बोललेली ही पहिली वाक्यं. मी थांबले. साच्याच्या कडेनं भसाभस वाफ येत होती, ती हळूहळू कमी झाली आणि बंद झाली. उघडलं तर सोनेरी, जाळीचं, अख्खं वॉफल आपोआप सुटून आलं. तिनं ते उभ्या उभ्या खाल्लं आणि रिकामी ताटली पुढं केली.

सासूबाई उंबऱ्यात येऊन बघत होत्या. "व्हय गं, ही जाळीची धिरडीच की," त्या म्हणाल्या. "पोरगी खातीया न्हवं? मग घाल रोज."

झालं. माझ्या सकाळीला आणखी एक काम चिकटलं. डबा गेला की साचा चढवायचा. त्या साच्याच्या वजनानं माझं मनगट दुखायला लागलं. वर्गात फळ्यावर लिहिताना हात मधेच खाली यायचा. तिकडं या वॉफलवर कसलासा पाक घेतात म्हणे. आमच्याकडं काकवीची बरणी होती. सासूबाईंच्या भावाचं गुऱ्हाळ होतं, तिथून ती दर हंगामाला यायची. पोरीनं आधी बोट लावून चाटून बघितलं, आणि मग काकवीशिवाय तिचं पान हलेना. सगळ्या घराला त्या शेकलेल्या गोड पिठाचा वास सुटायचा. वन्संच्या खोलीचं दार मात्र त्या वेळी हटकून बंद असायचं. मला वाटायचं, झोपल्या असतील.

मग खोकं संपलं. मी बेकरीतून बेकिंग पावडर आणली, मैद्यात मिसळली, त्यात साखर, चवीपुरतं मीठ, दुधाची पावडर. एवढंच तर असणार त्या खोक्यात. पण पहिलं वॉफल वातड झालं. दुसरं साच्याला धरून बसलं. तिसरं जेमतेम निघालं, ते पोरीपुढं ठेवलं. तिनं एक घास घेतला आणि ताटली हळूच बाजूला सरकवली.

मी गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसले. तिचा राग आला नव्हता. वाईटही वाटलं नाही. फक्त उठवेना. शाळेची वेळ होत आली होती, सासूबाई बाहेरून दोनदा म्हणाल्या, "अगं, ऊठ की, उशीर हुतोय." मला ऐकू येत होतं, पण पाय माझे नसल्यासारखे झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी न कळवता शाळा बुडवली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वन्सं दारात उभ्या होत्या. केस विस्कटलेले, अंगावर कालचीच साडी. त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं.

"अंडं सगळं एकदम घातलंत का, वहिनी?"

"हो."

"पांढरं वेगळं फेटायचं. फेस आला की शेवटी घालायचं. आणि तेल नको, लोणी वितळवून घाला." मग म्हणाल्या, "राहू दे. मीच करते."

त्या उभ्या राहून अंडं फेटत होत्या आणि मी खाली बसून बघत होते. माझ्याकडं न बघताच त्या बोलायला लागल्या.

"तिकडं हे तिचे बाबा करायचे. रविवारी सकाळी. मला झोपू द्यायचे आणि दोघं मिळून करायचे. पुढं पुढं ते रविवारचेही घरी येईनासे झाले. पण ती सकाळी साचा काढून टेबलावर मांडून बसायची."

मला एकदम त्या बंद दाराचा अर्थ लागला.

"मला सांगायचं की, वन्सं. मी रोज तो वास तुमच्या नाकाशी..."

"सांगून काय करणार होता? ती खात होती. एवढ्या दिवसांत तेवढंच एक बरं चाललं होतं." फेटायचा हात थांबला. "त्या वासानं मला उठवत नव्हतं, वहिनी. खरंच उठवत नव्हतं."

मलाही उठवत नव्हतं. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात होतो, वय जवळपास सारखं, आणि दोघी पार दमून गेलो होतो.

वॉफल चांगलं निघालं. पोरीनं अर्धं खाल्लं, उरलेलं आईच्या तोंडाशी धरलं. वन्संनी तो घास घेतला आणि बराच वेळ चघळत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जावा, झोपा आता." मी गेले आणि त्यांच्याच अंथरुणावर दुपारपर्यंत झोपले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा साचा वन्संनी घेतला. रोज उठत नसत. काही सकाळी दार बंदच राही, तेव्हा मी करायची. पण हळूहळू बंद दाराचे दिवस कमी झाले. पोरगी गल्लीतल्या पोरींबरोबर खेळायला लागली, त्यांच्या घरी भाकरी-पिठलं खाऊन यायला लागली. उन्हाळ्यात ती वॉफल मागायची ते आठवड्यातून एखादवेळी. वन्संनी अर्ज केले आणि गारगोटीच्या एका शाळेत त्यांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. तिथं सासूबाईंच्या माहेरची माणसं जवळ होती, खोली मिळायला अडचण आली नाही.

जूनमध्ये मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेले. पोरगी खिडकीत बसली. आता ती आमच्या गल्लीसारखीच बोलायची, तिथल्या सगळ्या पोरींसारखं 'जाते, येते' न म्हणता 'जातो, येतो' म्हणायची.

"मामी, मी जातो. सुट्टीला येतो की," ती म्हणाली.

"ये," मी म्हणाले.

वन्संनी खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत धरून ठेवला. गाडी गेल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर जरा टेकले. रडू येईल असं वाटलं होतं, पण जांभई आली. मग उठले आणि तशीच शाळेकडं चालायला लागले.