कडुलिंबावरची गुळवेल

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. लग्न होऊन मी डोंगरकड्याला आले, तेव्हा आमच्या परसात एक गुळवेल होती. मूळ आमच्या बाजूला, पण वेल कुडावरून पलीकडच्या कडुलिंबावर चढलेली. लिंब शेजारच्या रंगाऱ्याचा. त्याच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. तिचं आणि माझ्या सासूबाईंचं या वेलीवरून कायम चालायचं.

"मूळ आमच्या मातीत हाये," सासूबाई म्हणायच्या.

"अन् लिंब कुणाचा? लिंबावर चढली म्हणून तर दवा झाली," चाची म्हणायची.

कुणाला ताप आला की मात्र दोघी मिळून कांड्या कापायच्या.

एका उन्हाळ्यात सासऱ्यांनी कूड काढून मातीची भिंत घातली. पाया खणताना वेल बुडाशीच तुटली. सासूबाईंनी सासऱ्यांशी बोलणं टाकलं. पण वेल वाळली नाही. लिंबावर हिरवीच लोंबत राहिली आणि पावसाळ्यात तिनं वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडली. ती चाचीच्या अंगणात रुजली.

भादव्यात सासऱ्यांना हिवताप भरला. सासूबाईंनी मला चाचीकडे धाडलं.

"तुझी सासू काहून न्हाई आली?" चाचीनं विचारलं.

"कामात हायेत."

"तिला सांग, आता मूळ बी माझं, लिंब बी माझा. सोता येऊन माग."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी हातातलं काम टाकलं. डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या. मी मागोमाग गेले.

"दे," त्या म्हणाल्या.

"काय देऊ?"

"तुझी येल."

चाची इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सासूबाईंनी तोंड घट्ट मिटलं होतं, पण त्यांनाही हसू आवरेना. मग चाचीनं घरातून झाकलेलं गाडगं आणलं.

"रातीच ठेचून भिजवली. त्यांचं कण्हणं मला भिंतीतून ऐकू येत न्हाई काय?"

ते कडू पाणी पिताना सासरे रोज तोंड वाकडं करायचे. आठवडाभरात ताप उतरला. उठून बसले, भाकरी आणि अंबाडीची भाजी मागितली आणि म्हणाले, "आता हे बंद करा."

"मुकाट प्या," सासूबाई आणि गाडगं घेऊन आलेली चाची, दोघी एकदमच म्हणाल्या.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी पुढे केली.