उकंड्याच्या आईचं रक्त

एप्रिल १९९९. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली लॅब. टेबलावर रक्तासाठी तीन नळ्या, समोर चौघं: तीन वर्षांचा उकंडा, त्याचा बाप गणपत आणि दोन बाया. मी लॅब टेक्निशियन.

मुलाचे हातपाय सुजले होते. सिकलसेलचा संशय. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. दोष आईबाप दोघांकडून आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर नुसतं वाहक. आमची टेस्ट दोष आहे एवढंच सांगायची. पुढचं कळायला नमुना नागपूरला जायचा, रिपोर्टला दोन महिने. म्हणून आम्ही आईबापाचं रक्त तपासून ठरवायचो.

"आई कोण?"

एक बाई खाली बघत राहिली. दुसरी पुढे आली.

"मी. अनसूया. लवकर घ्या भाऊ, बैल उपाशी बांधून आली. त्याईले तुमच्यावानी पगार नाई."

मुलगा पॉझिटिव्ह, बाप पॉझिटिव्ह, अनसूया निगेटिव्ह. मी 'वाहक' लिहिलं. नमुना नागपूरला पाठवायची गरज नाही, असंही मीच डॉक्टरांना म्हणालो. दुखण्याच्या गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवलं.

पोळ्याच्या आठवड्यात ते परत आले. हिमोग्लोबिन साडेतीन. रक्त चढवायला चंद्रपूरला न्यायचं होतं. जीप येण्याआधीच मुलगा गेला.

तेव्हा ती गप्प बाई बोलली. "माहा होता."

ती गणपतची बायको, शेवंता.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं, बाई?"

उत्तर शेजारणीनं, अनसूयेनं दिलं. "पयले दोन गेले हिचे. याले जन्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवला. मी उचलला, अन् सूपभर तांदूळ घेऊन हिले परत देला. हिनं माहा म्हनाचं नसते. म्हटलं तं तोयी जाते."

उकंडा म्हणजे उकिरडा. असलं मूल मृत्यूला नकोसं वाटावं म्हणून हे नाव. सिरोंच्याकडच्या तेलुगू घरांत पेंटय्या, अर्थ तोच. बाजारातल्या एका मुसलमान घरी घसीटा होता, म्हणजे फरफटत आणलेला. हे सगळं मला ठाऊक होतं. अशा नावाच्या मुलाआधी घरात मुलं गेलेली असतात, हेही ठाऊक होतं. तरी मी नाव लिहून घेतलं आणि सुई उचलली.

शेवंताचं रक्त मी त्याच दिवशी घेतलं. पॉझिटिव्ह. रजिस्टरात 'वाहक' खोडून 'आजारी' लिहिलं, पुढे 'मयत'. डॉक्टरांनी सही केली. 

आता मी 'आई कोण' असं विचारत नाही. आधी किती मुलं गेली आणि हे कोणाच्या पोटचं, एवढं विचारतो. त्याला अर्धं मिनिट लागतं.