वूफरमधली गुरगुर

सकाळपासून काजळी पडत होती. पलीकडच्या शिवारात ऊस पेटवला होता, आणि जळालेल्या पाचटाच्या काळ्या काड्या वाऱ्याबरोबर थायलंडातल्या खोन केनच्या रस्त्यापर्यंत येऊन गाड्यांच्या काचांवर बसत होत्या. उन्हाला धार नव्हती, नुसती धग होती. कामसिंगनं दुकानासमोरची जागा झाडली, वळून बघितलं तर पुन्हा काळं. त्यानं झाडू भिंतीला टेकवला.

तीस वर्षं तो गाड्यांत स्टिरिओ बसवत आला होता. आसपासच्या गावांतल्या मिरवणुका त्याच्या वूफरवर नाचल्या. पण दोन वर्षांपासून कान बसत चालले होते. बायकोला वाटायचं, नवरा मुद्दाम ओ देत नाही. त्यानं तिला तसंच वाटू दिलं. बहिऱ्याकडं आवाज बसवायला गाडी कोण आणणार?

तेवढ्यात ब्वालायअक्काची पिकअप आली. चारच दिवसांपूर्वी त्यानं तिच्या गाडीतल्या कंपनीच्याच स्टिरिओला मागच्या सीटखाली वूफर जोडून दिला होता. उद्या तिचा लेक भिक्खू व्हायचा होता. मुंडण केलेल्या पोराला ह्याच गाडीत बसवून, गाणी वाजवत विहारापर्यंत न्यायचं होतं.

"आरं, काय बसवलंयस हे? गाडी चालू केली की म्हातारं घोरल्यागत आवाज येतोय!"

"गाणं लावल्यावर?"

"गाणं बंद असताना बी! ऐक की."

तिनं किल्ली फिरवली. कामसिंगनं डोकं आत घातलं. त्याला इंजिन ऐकू आलं, बाकी काही नाही.

"हां," तो म्हणाला, "येतोय खरा."

त्यानं स्टिरिओकडून वूफरच्या अॅम्पला येणाऱ्या वायरी उपसल्या. "आता?"

"हायच की. आरं, मला काय इचारतोस? कान माझं का तुझं?"

"गिऱ्हाइकाच्या कानाला पटलं पायजे न्हवं, अक्का."

म्हणजे स्टिरिओ निर्दोष होता. कामसिंगनं वूफरच्या पडद्यावर तळहात ठेवला आणि तिला रेस द्यायला सांगितलं. तळव्याखाली बारीक थरथर उठली, रेसबरोबर वाढली. अर्थिंग धड लागलं नव्हतं, म्हणून इंजिन वूफरमधून गुरगुरत होतं! त्याला कारण लगेच कळलं, कारण चूक त्याचीच होती.

एरवी तो सीटमागच्या पत्र्याचा रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर अर्थिंगची वायर आवळायचा. पण ह्या गाडीत नेमकं तिथंच, गाडीच्या रक्षणासाठी, मोठ्या भिक्खूंनी ओल्या पिठीचे नऊ ठिपके काढले होते, वर मंतरलेलं कापड चिकटवलं होतं. तिथं पटाशी लावायला त्याचा हात धजला नव्हता. सीट काढून खालचा पत्रा गाठायचा तर तासाभराचं काम. मग सीटबेल्टच्या बोल्टाखाली, रंगावरच वायर दाबून तो मोकळा झाला होता. गाडी ताब्यात देतानाही ती गुरगुरत असणार. त्यानं कान देऊन ऐकलं होतं आणि 'एक नंबर' म्हटलं होतं.

आता त्यानं सीट काढली, मॅट उचललं, खालचा पत्रा पांढरा होईतो खरवडला. नवी वायर आवळली, उपसलेल्या वायरी परत जोडल्या, इंजिन चालू केलं. तळहात ठेवला. पडदा गार, स्थिर. त्याला हायसं वाटलं. तो मागं वळला, तर अक्का हातात पाण्याची बाटली घेऊन अगदी पाठीशी उभी.

"कवाधरनं उभी हायस?"

"तीनदा इचारलं, पाणी पायजे का म्हणून."

कामसिंगनं बाटली घेतली, पण तो प्यायला नाही. अक्कानं त्याच्या कानाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"आवाज गेला?" त्यानं विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "तुला नव्हताच ऐकू येत. व्हय का न्हाई?"

तो पाना घेऊन सीट पुन्हा जागेवर आवळू लागला. "कुणाला बोलू नगं, अक्का. पोट हाय ह्याच्यावर."

तिनं मान डोलावली. सीट बसल्यावर गाडी काढून रस्त्याला लागली, आणि काहीतरी राहिल्यासारखी पुन्हा थांबली. खिडकीतून डोकं काढून, बहिऱ्याशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करत ओरडली, "काळजी करू नगंस! मी... कुणाला... सांगत... न्हाई! कानाचं!"

समोरच्या शेवयांच्या हातगाडीवर विकणाऱ्या म्हाताऱ्याचा पळा पातेल्यावर तसाच थांबला. शेवया खाणारी दोघं वळून बघू लागली.

कामसिंगनं हात हलवला. गाडी वळणाआड गेली. पायरीवर काजळी पुन्हा साचली होती. त्यानं झाडू उचलला आणि अंगण झाडायला घेतलं.